चाळीस ग्रॅम कमी

बाबा मोरीत घसरले त्या रात्री
मला कळलं, मला काहीच उचलता येत नाही.
बखोटीला धरलं, कमरेला धरलं,
टॉवेल घालून ओढून पाहिलं.
शेवटी खालून रामआसरे आला,
चपला दाराशी काढून, पाय पुसून,
आणि दोरीवरचं घोंगडं काढावं
तसं त्याने बाबांना उचललं.
बाबा छताकडे बघत होते.
मी फरशी पुसत राहिले,
पुसून झाल्यावरही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या पाडलेल्या इमारतीत गेले.
रीडेव्हलपमेंटची रेती पडली होती.
मुकादम म्हणाला, कशाला हवी?
कुंड्यांना, म्हटलं.
शेहेचाळीस वर्षांच्या बाईने
चरईत, भर दुपारी,
दंड कमवायचेत असं कसं सांगायचं?

सरबताच्या दोन बाटल्या भरल्या.
एकेक किलो, मी म्हटलं.
बाबांनी एक तळहातावर घेतली,
डोळे मिटले.
"चाळीस ग्रॅम कमी."

एकतीस वर्षं वजनमापे खात्यात.
जांभळी नाक्यावरचे दाणेवाले
त्यांना लांबून पाहून पारडी पुसायचे.
पारड्याखाली चिकटवलेला चिंचेचा गोळा
ते बोटाच्या पेराने शोधायचे.
घरात मात्र त्यांनी कधी कुणाला तोललं नाही.
हे लिहून गेले, पण खरं नाही.
माझे मार्क, माझं न झालेलं लग्न,
सगळं याच मिटल्या डोळ्यांनी.

स्प्रिंगचा काटा माळ्यावरून निघाला.
चहाच्या चमच्याने रेती घातली,
पाच चमचे,
मग अर्धा परत काढला.

तिसऱ्या मजल्यावरची अल्फिया फिजिओ शिकते.
तिने आमचीच भिंत मला दाखवली.
हात टेकायचे, कोपरं वाकवायची, ढकलायचं.
दहा वेळा.
भिंत हलली नाही, मी हलले.
मग खुर्ची. बसायचं, पण बसायचं नाही,
टेकल्यासारखं करून उठायचं.
"पाठीने नाही काकू, मांड्यांनी."
एक दिवस आड. घाई नाही.

पहिल्या आठवड्यात जिना उतरताना
मांड्यांनी मला नाव घेऊन हाका मारल्या.
पोस्टात शिक्का मारताना हात थरथरला,
कुणाच्या तरी रजिस्टरवर तारीख दोनदा उमटली.

बाबा खुर्चीतून मोजतात.
सातावर थांबतात.
"हे सात नव्हतं. पूर्ण खाली गेली नाहीस.
खोटं माप."
मी रागाने पुन्हा सात करते.
रागातलं नीट होतं.

बाटल्यांनंतर तांदळाची पिशवी आली, पाच किलोची,
मग दहाची.
तांदूळ आम्हीच खातो,
त्यामुळे महिनाअखेर व्यायाम हलका होतो.

रविवारी दोघं काट्यावर उभे राहतो.
परवा माझं सहाशे ग्रॅम वाढलं,
त्यांचं तेवढंच उतरलं.
त्यांनी दोन्ही आकडे वहीत एकाखाली एक लिहिले,
बेरीज केली,
मागचं पान काढून पाहिलं.
"घराचं वजन तेवढंच आहे," म्हणाले.

काल त्यांनी गादी जमिनीवर घालायला लावली.
माझा खांदा धरून आडवे झाले,
सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावून.
"बावन्न किलो तीनशे. मोहोर मारलेलं.
उचल."

गुडघे वाकवले. हात बगलांखालून घातले.
त्यांच्या केसांच्या तेलाचा वास
इतक्या जवळून
दहावीनंतर आला नव्हता.
श्वास सोडला
आणि ते उठून बसले.
पुढे नाही. तिथेच अडकलो,
एकमेकांना धरून, गादीवर.
खाली काँक्रीटचा ट्रक गरगरत होता.

"अर्धं," बाबा म्हणाले.
किती ग्रॅम कमी, ते सांगतील
म्हणून मी थांबले.
पण त्यांचे डोळे उघडेच होते.

मग रामआसरेला हाक मारलीच.
चपला काढून, पाय पुसून तो आला.
एक बगल त्याने धरली,
एक मी.