माकुळाची नस

वाल्पाराइसोच्या उत्तरेला, खडकावरच्या प्रयोगशाळेत
मी काचा धुवायचे.
रोसामेल पहाटे चारला माकूळ आणायचा,
माझ्या छातीला लागेल एवढं,
अजून रंग पालटणारं.
"हात चालव, एदुविना, हे आहे तोवर."

डॉक्टर इर्मगार्ड त्यातली एकच नस घ्यायची,
पांढरी, शेवईएवढी.
बाकीचं माकूळ आमचं, कांद्यात परतायला.

एकदा म्हणाली, ये, बघ.
दिसण्यासारखं काहीच नव्हतं.
बाहेर सोडियमची दाटी, आत पोटॅशियमची,
मध्ये दोन पदरी तेलाचा पापुद्रा,
आणि पाण्यात विरघळलेल्याला तेल वाट देत नाही
म्हणून त्यात दारं.
पोटॅशियमच्या दारात सोडियम अडतो,
अंगानं लहान असूनही अडतो.
तरी थोडा झिरपतोच.
मग पंप असतात, रात्रंदिवस त्याला उपसून टाकणारे.

मला आई आठवली,
उंबऱ्यातून आलेली वाळू
दिवसातून सहादा झाडून बाहेर लोटणारी.

"दारं उघडीच का नाही ठेवत?"
"मग आत-बाहेर सारखं होईल."
"होईना का."
तिनं बादलीतल्या माकुळाकडे पाहिलं.
ते आता रंग पालटत नव्हतं.

मग तिनं रबरी रूळ फिरवून
नसेतला सगळा गर पिळून काढला,
संपत आलेली टूथपेस्ट काढावी तसा.
रिकाम्या नळीत नुसतं खारं पाणी भरलं,
पोटॅशियमचं.
टोकाला विजेचा चिमटा लावला
आणि पडद्यावरची हिरवी रेघ
टुणकन उडाली.
पुन्हा. पुन्हा.
दुपारी मी काचा पुसून निघाले, तरी उडत होती.

त्या वर्षी आईची नावं जायला लागली.
आधी गल्लीची, मग मेलेल्यांची,
शेवटी माझं.
पण थाप पडली की उठायची.
पाववाल्याला आत घ्यायची, पाव दाबून बघायची.
भाडं मागायला आलेल्या ओयार्सूनला
फटीतून एक डोळा, आणि कडी.
आत कोण होतं, देव जाणे.
दारावर मात्र तीच होती.

ऑगस्टमध्ये एकदा कामावरून आले
तर दार सताड उघडं.
पलंगापर्यंत वाळू,
चुलीपाशी कुणाचं तरी कुत्रं,
आणि घरात तेवढीच थंडी
जेवढी रस्त्यावर.

मी कुत्र्याला हाकललं नाही.
केरसुणी घेतली, आणि कितीतरी वेळ
ती नुसती हातात धरून उभी राहिले.