दोन रुग्ण, प्रकृती स्थिर

मी पाठवलं होतं एवढंच:
निपाणीत फ्लूचे दोन रुग्ण, दोघांची प्रकृती स्थिर.
सोबत दवाखान्याच्या बाकड्याचा फोटो,
त्यावर बसून त्यांतला एक, पंक्चरवाला शौकत नाईकवाडी,
पेरू खात होता. तिखटमीठ लावून.

रात्री नऊला पडदा लाल झाला.
सीमाभागात थैमान!
शौकतचा पेरू कापून टाकलेला,
उरलेल्या तोंडावर बाण.

कन्नड वाहिनी म्हणाली, साथ कोल्हापूरकडून आली.
मराठी वाहिनी म्हणाली, तिकडच्यांनी आकडे लपवले.
कोगनोळी नाक्यावर पोलिसानं
ताप मोजायचं पिस्तूल येणाऱ्या-जाणाऱ्या कपाळांवर रोखलं,
दुपारी कंटाळून एका बैलाच्याही.
बैल पास झाला.

सकाळी डेस्कचा फोन:
"व्हिज्युअल पाठव. खोकणारे, शिंकणारे. गर्दी पाहिजे."
दवाखान्यात गर्दी नव्हती.
दोन सिस्टर, एक मांजर
आणि डॉक्टर शिवलीला हुक्केरी, चौथ्यांदा तेच सांगणाऱ्या:
हात धुवा, ताप आला तर घरी पडून राहा,
म्हाताऱ्यांना आणि पोटुशींना लवकर आणा.
असल्या वाक्याला कुणी पार्श्वसंगीत लावत नाही.

म्हणून मी वखारीत गेलो.

तंबाखूच्या वखारीत बायका शिंकतातच.
चाळण हलली की शिंकतात, पोतं उलटलं की शिंकतात.
कौलांतून उतरलेल्या उन्हात पिवळी धूळ
आरामात तरंगत असते, मालकासारखी.
नाकाला बांधलेल्या पदरांचा मूळ रंग
आता त्यांनाही आठवत नसेल.

"काय काढताय ओ?" मालन भोपळेनं विचारलं.
"शिंका," मी म्हटलं.
ती हसली, हसता हसता खोकली,
खोकता खोकता खाली बसली.
"ही शिंक माझ्या लग्नाच्या आदीची हाय.
माझ्या आईला बी हीच हुती. ते बी लिवा की."

चौदा सेकंद. पुरले.
डेस्कनं तिचा आवाज काढला आणि ढोल घातला.

मंगळवारी जत्राटच्या बसमध्ये
मालनच्या शेजारची सीट रिकामी राहिली,
मग पुढची, मग मागची.
बुधवारी किराणावाल्यानं तिचे पैसे पळीत घेतले.
गुरुवारी वखारीला कुलूप.
पाचचा मास्क चाळीसला गेला,
पोरांच्या गळ्यात कापराच्या पुड्या आल्या,
माझ्या बायकोनं माझे शर्ट उकळले
आणि वरून मलाच विचारलं, खरं किती मेले?
कुणीच नाही, म्हटलं.
तिला ते पटलं नाही. तिनं टीव्ही पाहिला होता.

शौकत आठवड्यात दुकानावर होता.
दुसरा रुग्ण, पाटील मास्तर, बरा होऊन
चार दिवस तोंड चुकवायला सासुरवाडीला गेला, संकेश्वरला.
तिथंही टीव्ही होता.

वखार नऊ दिवस बंद राहिली.
नऊ दिवसांचा रोजगार, गुणिले साठ बायका:
हा हिशेब मी एकदा पाकिटावर मांडला,
मग पाकीट कुठंतरी ठेवलं.
तोवर लाल पट्टीवर दुसरंच काही सरकत होतं,
विहिरीत पडलेला बिबट्या बहुतेक.

उघडल्यावर मी पुन्हा गेलो, कॅमेरा न घेता.
धुळीबद्दल दीडशे शब्द लिहिले, पाठवले.
उत्तर आलं: यात नवीन काय?

दारात उभा होतो. काय बोलावं कळेना.
तेवढ्यात मला शिंक आली.
एक. दोन. तिसरी अशी की चष्मा पडला.
अख्ख्या रांगेच्या चाळण्या थांबल्या.

मालननं कनवटीचं फडकं पुढं केलं.
"धरा," म्हणाली.
"आणि सांगा आता,
ही कुठल्या राज्यातनं आली?"

मग कुणीतरी पोतं उलटं केलं.