चौदा जागी खाडाखोड

दोंडाईच्यात माझं नाव फ्लेक्सवर लागलं
तेव्हा ते कुमदिनी झालं होतं.
लग्न न करता पुढे सौ. मिळालं,
फोटो आधारकार्डावरचा,
आणि माझ्या डोक्यावर, माझ्या तिप्पट,
ट्रॅक्टर शोरूमचे मालक, हात जोडून.

कांकरियाशेठने दुकानापुढे टेबल टाकलं
वह्यांचे गठ्ठे आत ढकलून.
गॅदरिंगची उरलेली झालर, एक थर्मास,
दोन पेनं, आणि पाटीवर खडूने :
सही मिळेल. अकरा ते एक.

साडेअकराला एक पोरगं आलं
जातीच्या दाखल्याच्या तीन झेरॉक्स घेऊन.
"मॅडम, अटेस्टेड करून द्या ना."
शिक्का नाही म्हटल्यावर
मग बसल्या कशाला, असं बघून गेलं.

पथारीवरून वारा आला, मिरचीचा.
पानं उलटली. मी शिंकले.
शेठ म्हणाले, शुभ असतं.
मग म्हणाले, खपतंय का कुठे?
नंदुरबारला सात, म्हटलं.
त्यातली दोन भाचीने घेतली, हे नाही म्हटलं.

पाऊण वाजता ती आली.
देठ खुडता खुडता उठून आलेली,
तोंडावरचं फडकं गळ्यात, बोटं लालभडक.
आधी शेठशी घासाघीस :
एकशे ऐंशीचं दीडशेला.
माझ्या पुस्तकासाठी इतकं
आजवर कुणी भांडलं नव्हतं.

मी टोपण काढलं. "नाव काय लिहू?"

"पह्यले त्या शेवंताले काढा.
नातनी वाची दाखाडं. सम्दं बराबर शे.
मुकादम बराबर, टेम्पो उलटना ती रात बराबर.
पन शेवंता कोन?
नवरा मन्हा मरना, अन् रडनी ती?"

मी तिला ओळखलंच नव्हतं.
पाच वर्षांमागे एक अख्खी दुपार
तिच्या शेजारी गोणपाटावर बसले होते,
वहीत सगळं उतरवून घेतलं होतं.
नावही. सुपडाबाई.
पण शेवंता कानाला बरं वाटतं,
संपादकही तेच म्हणाले होते.

पान त्रेचाळीसपासून सुरुवात केली.
शेवंता खोडायची, वर सुपडाबाई लिहायचं.
मी एखादी गाळली की तिचं बोट तिथे :
"आठे बी शे."
वाचता येत नाही म्हणाली होती तेव्हा;
तेवढं एक नाव मात्र
तिने ओळखून ठेवलं होतं, शत्रूसारखं.

तेरा झाल्या.
चौदाव्या वेळी पेन तिने माझ्या हातातून घेतलं.
अक्षरं आधी, सुटी सुटी,
मग रेघ, सगळ्यांवरून एक,
भिंती झाल्यावर पत्रे टाकावेत तशी.
सु मोठा आला, बाई समासात गेली.

सही तिने मागितली नाही.
मीही विसरले.
एक वाजला, शेठने पाटी पुसली.

दोनच्या धुळे गाडीत
पायाशी पिशवी, तीत बावीस प्रती,
खड्डा आला की बावीस शेवंता
एकमेकींवर आदळायच्या.
चिमठाण्याच्या आसपास, सवयीने,
मी डोळा चोळला.

शेजारच्या बाईने पाण्याची बाटली पुढे केली.
"रडताय का हो?"

"नाही," म्हटलं. "मिरची.
पेनाला लागली होती."