गुरुवारचे तीन चौकोन

दर शुक्रवारी संध्याकाळी मी
आठवड्याचा हिशेब भरते.
पंधरा-पंधरा मिनिटांचे चौकोन,
प्रत्येकाला एक आकडा:
चारशे एक म्हणजे ड्रॉइंगमधली दुरुस्ती,
चारशे सात म्हणजे मीटिंग,
चारशे नऊ, मीटिंगमध्ये ठरलेली पुढची मीटिंग.
जेवणाला आकडा नाही.
ते आपोआप वजा होतं.

मी शिस्तीची आहे, कुणालाही विचारा.
पहाटे पाचला उठायचा प्रयोग
एकोणीस दिवस केला.
फोनमध्ये पंचवीस मिनिटांनी टिंग करणारं घड्याळ ठेवलं;
हल्ली ते वाजलं की मी
गॅस बंद करायला उठते.
झालेली कामंसुद्धा यादीत लिहिते,
खोडायला मिळावीत म्हणून.
हे कुणाला सांगितलेलं नाही.

जुई परवा म्हणाली,
आई, तू 'हं' म्हणतेस ना, तेव्हा ऐकत नसतेस.
'हो' म्हणतेस तेव्हा थोडं ऐकतेस.
मी म्हटलं, हं.

गुरुवारी कर्वेनगरात वीज नव्हती.
इन्व्हर्टरने दीड तास तग धरला,
मग तोही कुरकुरत विझला.
लॅपटॉप अकरा टक्क्यांवर,
हिंजवडीहून कुंटेसरांचा निरोप:
पुलाच्या खांबाचं ड्रॉइंग आजच,
आणि खालून आरोळी,
धाऽऽर! सुरी, कात्री, विळीऽऽ!

का कोण जाणे, घरातलं सगळं बोथट गोळा करून
मी तीन जिने उतरले.
दोन सुऱ्या, सासूबाईंची विळी,
जुईची हस्तकलेची कात्री.

रज्जाकभाई शिकलगार सायकल स्टँडला लावून
पॅडल मारत होते.
सायकल जागची हलत नव्हती.
ओळखीचं वाटलं, बोलले नाही.
दोन पाती झाली आणि ते थांबले.
बाटलीतलं पाणी प्यायले,
उरलेलं चाकावर शिंपडलं.
मी मनगटावर पाहिलं.
"चाक तापलं की पातं निळं पडतं, ताई.
मग धार टिकत नाही."
बोलण्यात उपदेश नव्हता.
चाक तापलं होतं, एवढंच.

दिवसाला किती होतात, मी विचारलं.
"मोजत नाय. अडीचला वारज्याला पोचायचं,
नातवाची शाळा सुटते."
आणि गिऱ्हाईक?
"गिऱ्हाइकाची सुरी उद्यापण बोथटच असते की."

त्या संध्याकाळी कांदा चिरताना बोट कापलं.
धार इतकी खरी होती
की आधी रक्त दिसलं, मग कळलं.
डाव्या तर्जनीला पट्टी.
नऊ बोटांनी टाइप करताना काही अक्षरं
घरी जाऊन बोलावून आणावी लागतात.
ड्रॉइंग आज दुपारी गेलं.
पूल अजून बांधायचाच आहे, त्यामुळे
पडला नाही.

आता गुरुवार, अकरा ते पावणेबारा.
तीन चौकोन कोरे सोडले तर लाल होतात.
चारशे एक लिहिलं.
पुसलं.
चारशे सात लिहिलं, कारण तशी ती मीटिंगच होती.
तेही पुसलं.
लाल रंग तसा वाईट दिसत नाही.

दारातून जुई विचारतेय,
बोट दुखतंय का गं?
हो, म्हटलं.
थोडं.