शिसं

रेवणनं आणला तेव्हा तो इतका हलका होता
की मी आधी डब्याचं झाकणच समजले.
एकोणपन्नास पट्ट्या, पोटात काही नाही,
ना सूर, ना भाता.
"सूर लॅपटॉपमध्ये आहेत, मावशी, ही नुसती बटणं.
कुठल्याशा थंड देशातला पियानो आहे,
एकेक पट्टी सोळा-सोळा वेळा वाजवून भरलाय,
हळू, जरा जोरात, आणखी जोरात."
हेडफोन माझ्या कानांवर ठेवून
तो लातूरच्या बसकडे पळाला.

मी सा दाबला.
थंड देशातला माणूस माझ्या कानात ओरडला.

पुन्हा दाबला, हळू.
पुन्हा ओरडला.

पेटीनं मला चाळीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं,
किती जोरात.
तिला विचारायचं ते ती डाव्या हाताला विचारायची:
किती हवा, दम कुठं राखायचा,
गाणारी बाई खोकली तर कुठं थांबायचं.
उजवा हात नुसता दारं उघडणारा.
आता डावा मांडीवर बसून नसलेला भाता ढकलतो
आणि उजव्याच्या एकेका बोटाकडे
अचानक हिशेब मागितला जातोय.

स्क्रीनवर आकडे उगवतात.
एकशेअकरा. एकशेचौदा. एकशेसत्तावीस,
याच्यापुढं आकडाच नाही म्हणे.
वीस-पंचवीसचे सूर कुणीतरी श्वास रोखून भरले असतील,
माझं बोट तिथं पोचायच्या आत
मोडक्या खुर्चीची बैठक जावी तशी
पट्टी तळाला गेलेली असते.

टायरच्या दुकानावरची माझी खोली.
घरमालकीण जिन्यात थांबून टकटक ऐकते:
"गिरिजाबाई, कोर्टाचं टायपिंग घेतलं का काय?"

मकबूल मिस्त्री पेटीचे सूर घासायला गंगाखेडात आले की
माझ्याकडं चहाला येतात.
त्यांनी नखानं एक पट्टी उचलली, सोडली.
उचलली, सोडली.
डॉक्टरनं मेलेल्याची पापणी बघावी तशी.
"वजनच न्हाई बगा हिला.
खाली स्प्रिंग, वर हवा.
बोटानं टेकायचं कशावर?"

तिसऱ्या दिवशी सटवा भोयाच्या जुन्या जाळ्यातलं
शिसं घेऊन आले.
सटवा आता नदीत उतरत नाही.
वाळूच्या खड्ड्यांनी तळ कुठं राहिला म्हणतो,
जाळं कुडाला टांगलंय.
हातोडीनं चपट्या केलेल्या करड्या गोळ्या,
गोदावरीचा वास अजून धरून ठेवलेल्या,
आम्ही पट्ट्यांच्या पोटाला चिकटवल्या,
खालच्या दुकानातून मागून आणलेल्या
पंक्चरच्या सोल्यूशननं.
पांढऱ्या एकोणतीस. शिसं बावीसपुरतं.
काळ्यांचं तर बोलूच नका.

रात्री हेडफोन लावला.
सा.
बोटाखाली काहीतरी नको म्हणालं.
अगदी थोडं. पाण्यात जाळं उतरताना
दोरी हाताला म्हणत असेल तेवढंच.
मग गेलं.
आकडा: एकतीस.

त्या पियानोला लाकूड आहे हे मला तेव्हा कळलं.
सूर संपल्यावर मागं एक खोली उरते,
कुणी बाकावर जरासं सरकावं अशी कुरकुर.
आधीपासून तिथंच होतं सगळं.

वरच्या सात पट्ट्या अजून तशाच, उथळ.
तान चढत गेली की शेवटी पायरी नसते.
तिथं मी झोपलेल्या माणसाच्या खिशातून
किल्ली काढावी तशी जाते.
कधी जमतं.
कधी तो जागा होतो आणि ओरडतो.

डाव्या हाताला रेवणनं फोनवरून
कडेचं एक चाक दाखवलंय.
पियानोला त्याचा उपयोग नाही,
सारंगी लावली की मात्र त्यातून दम भरता येतो.
खांद्याचं काम अंगठ्याला शिकवायचंय,
या वयात, चोरून.

"आजकाल आवाज येत नाही," घरमालकीण म्हणाली.
"काम सुटलं का?"
"नाही," म्हटलं, "जड झालं."