स्वतंत्र पत्रिका

बाबांच्या ट्रंकेत एक लग्नपत्रिका आहे, छप्पन सालची.
वर गणपती. कोपऱ्यात जांभळा शिक्का, सेन्सॉरने पाहिल्याचा.
लग्न मुळगावच्या परबांचं, राज्य पोर्तुगीजांचं.
'स्वतंत्र पत्रिका पाठवली नाही, तरी हीच समजावी'
या ओळीतला एकच शब्द पणजीच्या साहेबाला बोचला.
त्याने तो लाल पेन्सिलीने खोडला.
बाबांनी तेवढे खिळे उपसले, जागा मात्र बुजवली नाही.
अख्खी डिचोली त्या भोकातून वाचत होती.
मांडवात म्हणे अक्षता कमी आणि हसू जास्त उडालं.

आता छापखान्यात खिळे नाहीत. म्हणजे आहेत,
एका खणात, 'ळ' झिजलेला.
भाची मिताली कॉम्प्युटरवर बसते:
फ्लेक्स, बिलबुकं, बारशाची कार्डं.
परवा बाराझरीचे लोक आले, स्मरणिका काढायचीय म्हणून.
'झरीचेर दोन पानां,' तिळू घाडी म्हणाला,
'आनी आमी ट्रक आडायल्ले, तें.'

मितालीने यंत्राला विचारलं.
तपासनीस आल्यावर मास्तर बोलतात तसं ते बोललं:
बाराझर निसर्गरम्य. खाणींमुळे रोजगार.
विकास आणि पर्यावरण यांचा समतोल.
ट्रक कुणी अडवले?
विश्वासार्ह माहिती उपलब्ध नाही.
जवळचे धबधबे सुचवू का?
इंग्रजीत विचारलं तेव्हा एवढं निघालं,
की काही स्थानिकांचा गैरसमज झाला होता, तो दूर झाला.
मग तिने शोधून पाहिलं.
कंपनीची रुग्णवाहिका, कंपनीची दप्तरं,
एका रोपाशेजारी वाकलेले कंपनीचे सात साहेब.
नवव्या पानावर एक जुनी बातमी. दाबली.
पान सापडत नाही.

'हांव थंय आशिल्लों मरे,' तिळू म्हणाला,
पडद्यालाच.

मी शिक्का शोधत होतो.
कुठे जांभळा डाग, खोडल्याची रेघ,
काहीतरी.
मजकूर सलग होता.
दात पाडून त्या जागी इतका बेमालूम दात बसवलेला
की जिभेलाही पत्ता लागू नये.

'मामा, ते तरी काय करणार,' मिताली म्हणाली,
'लिहिलेलं असतं तेच वाचून शिकतं.'

आणि मला ते पत्रक आठवलं.
गुलाबी कागद, पाचशे प्रती, रात्री दोनला छापून दिलेलं.
पकडून नेलेल्या सगळ्यांची नावं होती त्यात.
तळाशी मुद्रकाची ओळ नव्हती.
ती मी काढली होती.
कंपनीचं कॅलेंडर तेव्हा माझ्याकडे असायचं,
बारा पानं, आर्ट पेपर, पैसे आगाऊ.
मला कुणी लाल पेन्सिल दाखवली नाही.
बेवारस कागद तो, माणसांनी ठेवला नाही,
यंत्राने का विश्वास ठेवावा?

बाबांसारखी कोरी जागा सोडावी, असंही मनात आलं.
पण कोरी जागा दिसली की लोक आता म्हणतात,
इथे जाहिरात यायची असेल.

तिळू सांगत गेला, मिताली टाइप करत गेली.
झर फेब्रुवारीतच आटली. मग पाणी आलं ते तांबडं,
पावडर न टाकताच चहा.
एकवीस दिवस ट्रक उभे. रस्त्यावरच पेज शिजायची.
पहिल्या ट्रकच्या पुढ्यात रुक्मा मळीक बसली होती,
मांडीवर नात, हातात सुपारीचा अडकित्ता.
पोलिसांच्या कागदात त्याचं शस्त्र झालं.

'तळाशी घाल,' मी म्हटलं,
'मुद्रक, दामोदर शाणू गावस, डिचोली बाजार.'
तिने घातलं. मग वर गेली, तपासायला.

'रुक्मा'खाली लाल नागमोडी रेघ आली होती.
रुक्मिणी म्हणायचं आहे का?
मिताली माझ्याकडे बघायला लागली.
नाही, मी म्हटलं.
रुक्मा.