तुडूम

सकाळी बाबांची नळी काढली.
नर्स म्हणाली, "आता स्वतःहून झाली पाहिजे,
चार वाजेपर्यंत बघू."

साकोलीचा दवाखाना, खाट सात.
कवडूजी डोंगरवार, वय एकाहत्तर,
अठ्ठावीस वर्षं गावतलावाच्या तुडुमावर.
कुणाच्या बांधीत किती पाणी, किती वेळ,
ते वहीत नव्हतंच,
त्यांच्या पोटऱ्यांना ठाऊक होतं.

"कायले होत नाई व बाई?"
मी फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला.
उत्तर येतं,
म्हणूनच सांगायला जड.

आमच्या प्रयोगशाळेत बोकडाच्या मूत्राशयाची एक पट्टी
दोन दोऱ्यांनी टांगली होती, कोमट खारट पाण्यात.
(लहानपणी जब्बारभाईच्या दुकानामागून
हेच आणून फुगवायचो, चेंडू म्हणून.)
ॲसिटिलकोलिनचा एक थेंब सोडला,
पट्टी आखडली,
कागदावर काटा टेकडीसारखा चढला.
धुतलं, उतरला.
मग आधी ॲट्रोपिन, नंतर तोच थेंब:
काटा जागचा हलेना.
ॲट्रोपिन म्हणजे धोतरा, बाबा.
तुमच्या पाळीवर उगवतो तोच,
कुलपात काडी मोडून ठेवणारा.

ऐका.
मज्जातंतू स्नायूच्या दाराशी येऊन हाक मारतो.
हाक आत जात नाही.
दारावर ग्राही बसलेले,
दोन नंबरचे पुष्कळ, तीन नंबरचे थोडके,
पण काम बहुतेक तिसऱ्याचंच.
ग्रामसभेला साठ माणसं यायची,
आणि कंबरभर पाण्यात उतरून
तुडुमाची खुंटी काढायला तुम्ही एकटे,
तसं.

तिसरा आत निरोप्या धाडतो,
निरोप्या कोठाराशी जातो.
कोठारात चुना.
"कोनता चुना?"
तुमच्या डबीतलाच. कॅल्शियम.
थोडा कोठारातून, थोडा भिंतीच्या फटींतून आत येतो,
नखावर घ्याल त्याहून किती तरी कमी,
आणि पेशी जागी होते.
एक प्रथिन त्याला चार खोबणींत धरतं,
दुसऱ्याला उठवतं,
मग तंतू तंतूवरून सरकतात,
रोवणीच्या बायका मागं मागं सरकतात तसे,
आणि अख्खी पिशवी मुठीसारखी वळते.
मग पंप चुना उपसून परत कोठारात भरतात.
मूठ सुटते.

बाबा छताकडे बघत होते.
"आन् भरतानी?"
भरताना दुसरेच ग्राही.
ते म्हणतात, सैल राहा, येऊ दे अजून.
"हे मले मायती हाये," बाबा म्हणाले.
"पानी सोडनं सोपं असते.
धरून ठेवनं कठीन."

मी पुढचं बोलले नाही.
की वीस वर्षांच्या साखरेनं
तंतूच झिजलेत.
दार जागेवर आहे, चुना आहे,
तिसरा कान देऊन बसलाय,
बांधावरून कुणी हाकच मारत नाही.

वॉर्डातला नळ ठिबकत होता.
तीन वाजता त्यांनी तो मोठा सोडायला सांगितला.
शेजारच्या खाटेवरचे लंजे गुरुजी कुशीवर वळले,
हसले असावेत.
साडेतीनला बाबा पडद्यामागे उभे राहिले,
एक हात माझ्या खांद्यावर,
माझं तोंड भिंतीकडे.
किती वेळ नुसता नळच.
मग भांड्यात काहीतरी,
थांबलं,
पुन्हा काहीतरी.

साठ मिली.
नर्सनं यंत्र पोटावर फिरवलं,
आत चारशे वीस.
तिनं फक्त मान हलवली.

"तुडुमबी असंच करे," बाबा मला म्हणाले,
धोतर सावरत, जणू मलाच धीर देत,
"उन्हाऱ्यानंतर पैल्यांदा उघडलं का
आंदी चिखलाची बारीक धार.
घडीभर वाटे, बुजलंच.
मंग पानी."

नर्सनं नव्या नळीचं पाकीट फाडलं.
बाबा आडवे झाले,
आणि मी विसरलेला नळ
बंद करायला गेले.